कानातली लोकर

गेल्या आठवड्यात एक बाई लेकराला कडेवर घेऊन माझ्या दारात आली. चार वर्षांचं पोर, अंगभर खवले, आणि दोन्ही कानांत कापसाचे बोळे. कुणीतरी तिला सांगितलं होतं की चुडाव्याच्या गिरजाबाईचं अंग असंच हाय, तिला जाऊन विचार. मी तिला बस म्हणायच्या आधी ते बोळे काढायला लावले. तेलानं काळे पडले होते. मी तिच्यावर लय चिडले, बोलू नये ते बोलले. ती रडायला लागली तेव्हा मलाच कसंतरी झालं. मग तिला पाणी दिलं, शेजारी बसवलं आणि माझ्या मायची हकिकत सांगितली.

तीच आता इथं सांगते. मला लिहिता येत न्हाई, नात लिहून घ्यायलीय. ती मधून मधून माझे शब्द सुधरायला बघती, पण मी सुधरू देत न्हाई.

अंग

मी जन्मले तेव्हा अंगावर पातळ पापुद्रा होता. सुईणीनं तो ओल्या फडक्यानं काढला आणि सगळ्यांना वाटलं, झालं, आता पोर मोकळी झाली. महिन्याभरात खालून तसंच पुन्हा आलं. हात, पाय, पोट, कपाळ, सगळीकडं खपल्या. तळ्यातलं पाणी आटल्यावर गाळ कसा तडकतो, तशी माझी कातडी. मला घाम येत न्हाई. उन्हाळ्यात अंग तापून मी निपचित पडायची, मग माय माझ्या डोक्यावर ओलं फडकं ठेवायची आणि ते वाळलं की पुन्हा भिजवायची.

तवा निजामाचं राज्य होतं. आमी मेंढरंवाले. दिवाळी झाली की कळप घेऊन बाहेर पडायचं, शेताशेतात मेंढ्या बसवायच्या, आणि पाऊस लागला की चुडाव्याला परत यायचं. कळपात आमी दोन घरं होतो. एक माझे माय-बा, दुसरे बाचे थोरले भाऊ तात्या. तात्याची बायको, आमची मोठी माय, गुडघ्यानं अधू होती म्हणून ती गावातच राहायची. ती म्हणायची, तुझ्या मायनं पोटुशी असताना नागाची कात ओलांडली, म्हणून तू अशी. माझा वाडगा ती वेगळा ठेवायची. गावातली पोरं मला खवली म्हणायची. मी पण गप बसायची न्हाई, दगड मारायची, आणि माझा नेम चांगला होता.

एक चांगली गोष्ट सांगते. मेंढ्या कातरायच्या दिवसांत मी न धुतलेल्या लोकरीच्या ढिगावर लोळायची. बाच्या ध्यानात आलं की त्या दिवसांत माझे हात उलत न्हाईत. त्याचेही हात कातरणी करताना मऊ असायचे. मग माय कच्ची लोकर पाण्यात उकळायची, वर आलेलं ओशट काढून गार करायची आणि माझ्या अंगाला चोळायची. मेंढीचा वास यायचा, येऊ दे. मला रात्रीची झोप लागायची. आता तसलं मलम दुकानात डबीत मिळतं म्हणे. आमच्याकडं ते त्या काळी चुलीवरच व्हायचं.

कान

कान कधी गेले ते मला सांगता येत न्हाई, कारण मलाच ते कळलं न्हाई. आधी मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंट्या गेल्या. मला वाटलं, बानं त्या सोडून ठेवल्या. मग पाखरं गेली. मग माणसं लांब गेली. माय माझ्याशी ओरडून बोलायची आणि मला वाटायचं, मायला माझा सारखा राग येतो. दोन वर्षं मी तसंच समजून चालले. रागावलेल्या माणसाला काय विचारायचं, म्हणून मीही कमी बोलायला लागले. लोक म्हणाले, कातड्यासंगं डोकंही मंद हाय.

कान खाजायचे, कधी ठणकायचे. मायनं तिला येत होतं ते केलं. करडईच्या तेलात लसूण जाळायचं, कोमट झालं की दोन-तीन थेंब कानात सोडायचे, आणि वारं शिरू नये म्हणून वरून लोकरीचं बोंड बसवायचं. आमच्यात लोकरीशिवाय पान हलत न्हाई. बाळाच्या नाळेला लोकर, जखमेला लोकर, कानालाही लोकर. त्यातही माझ्यासाठी ती निवडून घ्यायची, कोकराच्या पहिल्या कातरणीची, सगळ्यात मऊ. रोज सकाळी माझं डोकं मांडीवर घ्यायची आणि हे करायची. आदल्या दिवशीचं बोंड सापडलं न्हाई तर म्हणायची, पडलं असंल कुठंतरी.

ती मांडी मला लय आवडायची. दिवसभरात तेवढाच वेळ मायचा चेहरा रागावलेला नसायचा.

कोकरू

मी नऊ वर्षांची असंल. दिवाळी होऊन गेली होती, कळप पूर्णेच्या काठी बसला होता. दुपारची वेळ. माझ्याजवळ चार कोकरं देऊन बा पाण्याकडं गेला. मी दगडांची उतरंड रचत बसले होते. आमचा कुत्रा मला घासून पळाला म्हणून मी वळले. बघते तर माझ्यापासून दोन हातांवरनं लांडगा कोकरू उचलून चाललेला, आणि पलीकडनं बा धावत येतोय. त्याचं तोंड उघडं होतं, गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या, आणि त्यातनं काहीच निघत नव्हतं.

तवा मला पहिल्यांदा कळलं की बोलणारे थांबलेले न्हाईत, माझंच काहीतरी बंद पडलंय. मी भ्याले ते लांडग्याला न्हाई, त्या उघड्या तोंडाला.

कळपाचं सगळं तात्याच्या शब्दावर चालायचं. कुठं बसायचं, कुठून वळायचं, कोण कुठं राहील, सगळं. तो माणूस वाईट नव्हता, पण एकदा बोलला की बोलला. त्यानं सांगितलं की बहिऱ्या पोरीला रानात ठेवता येणार न्हाई, आज कोकरू गेलं, उद्या पोर जाईल, तिला चुडाव्याला मोठ्या मायजवळ सोडा. म्हणजे आठ महिने माय एकीकडं आणि मी त्या वेगळ्या वाडग्याजवळ. दरवर्षी आठ महिने. मला शब्द ऐकू आले न्हाईत, पण मायनं माझं गाठोडं वेगळं बांधायला घेतलं तेव्हा कळलं. मी तिच्या लुगड्याला अशी धरून बसले की बाला माझी बोटं सोडवता येईनात.

माय तात्यापुढं कधी बोलायची न्हाई. त्या दिवशी बोलली. म्हणाली, मला आठ दिवस द्या, मी हिला परभणीच्या दवाखान्यात दाखवते. तात्यानं आठ दिवस दिले. तवर कळप गंगाखेडकडं सरकलेला असंल, तिकडं या, कान उघडले तर ठेवू, न्हाईतर बा पोरीला गावी सोडून येईल, असं ठरलं.

दवाखाना

चुडाव्याच्या स्टेशनात आमी गाडीत बसलो. मला गाडीचा आवाज तळपायातून यायचा. समोरची बाई माझे हात बघून सरकून बसली, आमाला पाय पसरायला जागा झाली.

डॉक्टर हैदराबादकडचे होते, उर्दू बोलायचे. वॉर्डातली हलिमाबी नावाची आया मायला त्यांचं बोलणं मराठीत सांगायची. डॉक्टरांनी कपाळावर आरसा बांधला, माझ्या कानात बघितलं, आणि मग एक गोष्ट केली जी घरच्यांशिवाय कुणी केली नव्हती. माझा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला आणि उलटसुलट करून सावकाश बघितला. नंतर हातही पुसले न्हाईत. मी बघत होते.

पुढचं मायनं मला नंतर किती वेळा सांगितलं त्याला मोजदाद न्हाई. डॉक्टर म्हणाले, ही कातडी जन्माचीच हाय, नागाचा काही संबंध न्हाई, कुणाला लागायची न्हाई आणि पुरती जायचीही न्हाई. अंगावर जशा खपल्या धरतात तशा कानाच्या नळीतही धरतात. अंगावरच्या गळून पडतात, नळीतल्या पडणार कुठं, त्या तिथंच साचतात. मायनं सगळं ऐकून एकच विचारलं, पोरीला ऐकू येईल का. डॉक्टर म्हणाले, दार बंद हाय, आतलं घर शाबूत हाय का ते दार उघडल्यावर सांगतो.

हे काही हो न्हाई. पण न्हाईही न्हाई. माय त्यावर तीन दिवस काढणार होती.

तीन दिवस कानात सकाळ-संध्याकाळ औषधाचे थेंब, आतलं मऊ पडावं म्हणून. बाकी लोखंडी खाट, सकाळी फिनेलचा वास, दुपारी डाळ-भात. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं मला बघून खाट बदलून मागितली. हलिमाबी आपली भाकरी घेऊन आली, माझ्या खाटेवर मांडी घालून बसली, आणि माझ्याच हातानं कांदा फोडून घेऊन जेवली. दुसऱ्या दिवशी त्या बाईनं मला अर्धं केळं दिलं.

मायनं लोकरीच्या ओशटाची बाटली संगं आणली होती. एका नर्सबाईनं वासाला नाक मुरडलं आणि बाटली डॉक्टरांकडं नेली. माय घाबरून भिंतीला टेकली. डॉक्टरांनी बोट बुडवलं, मनगटावर चोळलं, हुंगलं, हे कुणी शिकवलं म्हणून विचारलं. माय म्हणाली, मेंढ्यांनी. डॉक्टर हसले आणि म्हणाले, रोज लावा, आंघोळीनंतर अंग ओलं असतानाच लावा. त्या दिवशी माय वॉर्डातून पाणी आणायला गेली ती पाटलीणबाईसारखी चालत गेली.

चौथा दिवस

हलिमाबीनं डोकं धरलं, मायनं पाय. डॉक्टरांनी मोठ्या पिचकारीनं कानात कोमट पाणी सोडलं. सगळी खोली माझ्याभोवती गरगरली आणि मी हलिमाबीच्या पदरावर ओकले. आधी करड्या खपल्यांचा चुरा आला. मग काही येईना. डॉक्टर थांबायचे, पुन्हा सोडायचे. माझ्या कानात कळ उठली ती दातापर्यंत गेली. मी लाथा झाडल्या, एक मायच्या हनुवटीला बसली. तिनं पाय सोडले न्हाईत.

मग त्यांनी बारीक चिमटा आत घातला आणि हळूहळू काहीतरी ओढलं. बोटाच्या पेराएवढं, काळं, घट्ट. तामचिनीच्या पांढऱ्या भांड्यात ते टाकलं आणि चिमट्यानं उकललं. खपल्या होत्या, तेल होतं, आणि त्या सगळ्यांना धरून ठेवणारे बारीक धागे. लोकर दाबून जाड नमदा करतात, तसं घट्ट झालेलं.

माय वाकली. उभा जन्म लोकर कातलेली बाई ती, तिला काय सांगायचं. तिनं तो धागा दोन बोटांत धरून पिळला.

"ही माझी लोकर हाय," माय म्हणाली. "काळ्या कोकराची. मीच घातली हिच्या कानात."

आणि हे मी ऐकलं.

दोन वर्षांनी मला पहिलं वाक्य ऐकू आलं ते हे. त्याचा अर्थ मला कळलाच न्हाई. मला एवढंच कळलं की हा मायचा आवाज हाय आणि तो मऊ हाय, त्यात राग न्हाई. मला इतका आनंद झाला की कानाची कळ विसरले.

"माय," मी म्हणाले, "तू हळू बोलतीस की."

माय खाली फरशीवर बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली. मी आपली खाटेवरून तिला पुन्हा बोल, पुन्हा बोल म्हणतेय. हलिमाबीपण रडायली, ओकलेला पदर तसाच घेऊन. डॉक्टरांनी पुन्हा आरसा लावून बघितलं आणि सांगितलं की आतलं घर शाबूत हाय. दुसरा कान दुपारी मोकळा केला. तो डावा, तो आजही थोडा आखडता ऐकतो, त्याची माझी तक्रार न्हाई.

निघताना डॉक्टरांनी मायला बजावलं. तेलानं खपल्या फुगल्या आणि लोकरीनं त्या धरून ठेवल्या, पण खपल्या मुळातच तिथं होत्या, तुमी चुकलात तरी पोरीवरच्या मायेनं चुकलात. आता कानात काही घालायचं न्हाई, तेल न्हाई, काडी न्हाई, लोकर न्हाई. खपल्या पुन्हा धरणार. दर तीन महिन्यांनी इथं आणायचं.

माय हो म्हणाली. पण माझा हात तिनं घट्ट धरला होता, कारण तीन महिन्यांनी आमचा कळप कुठं असणार ते तिला माहीत होतं.

तात्या

पहिले दोन दिवस मला सगळंच फार झालं. भांडं आपटलं की मी दचकून रडायची. माझेच केस कानाला घासले तरी आवाज यायचा. आमी गंगाखेडच्या गाडीनं गेलो, तिथून पायी कळप गाठला. बानं मला लांबूनच हाक मारली आणि मी ओ दिली, तर त्यानं पुन्हा मारली, मग पुन्हा.

तात्याचा काही बायकांच्या सांगण्यावर भरवसा नव्हता. तो आला, माझ्याकडं बघितलं न्हाई, माझ्या पाठीमागं जाऊन मेंढीच्या खुरातला काटा काढत बसला. थोड्या वेळानं, मान वर न करता, पुटपुटल्यासारखं म्हणाला, "गिरजे, पाणी आण." मी तांब्या भरून नेला. त्यानं पाणी पिलं, मिशा पुसल्या, तांब्या परत दिला. माझं गाठोडं मायच्या गाठोड्यात गेलं.

पण परभणीचं तात्यापुढं काढायची मायची छाती होईना. आमची वाट आज्याच्या काळापासून ठरलेली होती. गंगाखेडावरून खाली उतरायचं ते पावसाच्या तोंडालाच वर यायचं. बाळंतपणासाठी ती वाट कधी बदलली न्हाई, मयतासाठी बदलली न्हाई. माझ्या कानांसाठी कोण बदलणार.

संक्रांतीनंतरची गोष्ट. भर दुपारी मेंढ्या बाभळीखाली दाटून उभ्या होत्या, सगळे पडले होते, कुत्रासुद्धा. मला धप असा आवाज आला. मग पुन्हा धप. मेंढीला काही वेगळं दिसलं की ती पुढचा पाय आपटती आणि नाकातून फुर्र करती. मी फुर्र पण ऐकलं, नाल्याच्या अंगानं. मी बोंबलले, "लांडगा! तात्या, नाल्यातनं!" अशी बोंबलले की दोन वर्षांची उधारी फिटली. तात्या काठी घेऊन धावला. दोन लांडगे होते. दोन्ही तसेच हात हलवत परत गेले. एकही कोकरू गेलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी कळप हलला तेव्हा त्यानं मला शेपटाला चालायला लावलं. कळपाच्या मागं सगळ्यात भरवशाचं माणूस चालतं, हे आमच्यात शेळीलाही माहीत असतं.

होळी जवळ आली आणि एका सकाळी घंट्या पुन्हा लांब गेल्या. मी या वेळी गप बसले न्हाई, लगेच मायला सांगितलं. मायचा हात सवयीनं लोकरीच्या पिशवीकडं गेला आणि अर्ध्यातच थांबला. तिनं तो हात दुसऱ्या हातात धरला. मग उठली आणि थेट तात्याकडं गेली. काय बोलली ते मला ऐकू आलं न्हाई, कान भरत आले होते. तात्या खाली बघत काठीनं माती उकरत राहिला. मी मनातल्या मनात माझं गाठोडं बांधून टाकलं.

सकाळी कळप उठला. घंटीवाली मेंढी रोजच्या सवयीनं खालच्या वाटेला लागली. तात्यानं पुढं होऊन तिचं शिंग धरलं आणि तिचं तोंड उत्तरेला, परभणीकडं वळवलं. सगळा कळप तिच्यामागं वळला. मी शेपटाला होते, म्हणून मला ते सगळं दिसलं.

त्या वर्षापासून आमची वाट अशीच झाली. दिवाळी, होळी, जेठ, कळप कुठंही असला तरी तीन महिन्यांनी परभणीच्या शिवाराला येऊन टेकायचा, आणि पावसाळ्यात माय मला चुडाव्याहून गाडीनं न्यायची. डॉक्टर बदलले, हलिमाबी म्हातारी झाली, राज्यही बदललं, माझं येणं चुकलं न्हाई. कातडी आजही तशीच हाय आणि घंट्या आजही ऐकू येतात.

पहिल्या होळीला परभणीजवळच्या एका शेतकऱ्यानं तात्याला अडवून विचारलं होतं, तुमी लोक यंदा इकडं कसे, तुमची वाट तर खालची. तात्यानं काठी खांद्यावर आडवी टाकली आणि सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असं सांगितलं, "पोरीचे कान धुवायला आलोय."